शेवटच्या हजारातली एक

भिंगारच्या छावणीत लष्कराच्या एका वर्कशॉपमध्ये सोपान साळवेनं अडतीस वर्षं मुलकी फिटर म्हणून काढली. वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला आणि पुढच्याच वर्षी, विशीला टेकलेला सोपान तिथं हेल्पर म्हणून लागला. महायुद्धातून उरलेल्या अमेरिकन ट्रकांवर त्याचा हात बसला. आठ सिलिंडरचं इंजिन चालू असताना त्यातला कुठला सिलिंडर अंग चोरतोय, हे तो बॉनेट न उघडता सांगायचा. छावणीत त्याचं नाव मात्र झालं ते सहीवरून.

गाडी दुरुस्त झाली की कार्डावर फिटरची सही लागायची. एकदा वरच्या साहेबांना घाई होती आणि ब्रेकचं काम अर्धं राहिलं होतं. "सही करून टाक, बाकीचं मी पाहतो," साहेब म्हणाले. सोपाननं पेन खिशाला अडकवलं आणि पुन्हा गाडीखाली शिरला. गाडी दुसऱ्या दिवशी गेली. सोपानची बढती त्यानंतर चार वर्षं लांबली. "एका सहीपायी चार वर्षं गेली," असं त्याची बायको भामाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना पदर सारखा करून ताठ बसायची.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात तो निवृत्त झाला. शहाण्णवच्या जानेवारीत एका सकाळी त्याच्या दारासमोर जीप येऊन थांबली. आतून एक पंचेचाळिशीचा, पांढऱ्या सफारीतला गृहस्थ उतरला. पुणतांब्याचा बागाईतदार, आदिनाथ.

"साळवे मिस्त्री तुमीच ना? आमच्याकडं एक गाडी हाय, अमेरिकेची. नगरच्या चार गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं आणि परत लावलं. तुमचं नाव चौघांनीबी सांगितलं."

"कुठलं इंजिन?"

"आठ सिलिंडर हायेत म्हनं."

भामाबाई आतून चहा घेऊन आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा तिनं पाहिला. आठ महिने हा माणूस ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या रिक्षांचे आवाज ऐकत होता. चहा संपायच्या आत त्यानं पान्यांची पेटी बाहेर काढली होती.

पुणतांब्याला कांदाचाळीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गाडी उभी होती. आदिनाथचा माणूस कानिफनाथ, जो पेरूची बाग आणि विहिरीच्या मोटारी सांभाळायचा, त्यानं दोरी सोडून ताडपत्री ओढली. काळी कुळकुळीत, लांबलचक, दोनच दारांची गाडी. कडेनं दोऱ्याएवढी लाल रेघ. चारही चाकांतली हवा गेलेली, त्यामुळं ती जमिनीवर दबून बसली होती. जवळ बांधलेल्या म्हशी उगाच कान हलवत होत्या.

गाडी आदिनाथच्या थोरल्या भावाची, बन्सीची. बन्सी सहासष्ट साली शिकायला अमेरिकेला गेला, तिथंच गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर झाला, आणि पंचवीस वर्षं एकाच मॉडेलच्या इंजिनावर काम करत राहिला. त्यानं आईला, गोजरबाईला, लिहिलेलं शेवटचं पत्र तिनं देव्हाऱ्यामागं ठेवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते सोपानच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वाच बरं. आदिनाथ लई भराभर वाचतो."

सोपाननं सावकाश वाचलं. बन्सीनं लिहिलं होतं, आई, आमचं मॉडेल कंपनी बंद करते आहे. रस्त्यावर त्याचा पंचवीस वर्षं दरारा होता. निरोप म्हणून शेवटच्या एक हजार गाड्या वेगळ्या काढल्या. काळा रंग, लाल रेघ, प्रत्येकीला नंबर, आणि आजपर्यंत कधी दिलं नव्हतं एवढ्या ताकदीचं इंजिन. आम्ही म्हणालो, जाताजाता हात आखडता घ्यायचा नाही. कारखान्यातल्या लोकांच्या चिठ्ठ्या टाकल्या, त्यात माझी निघाली. निवृत्त झालो की ही गाडी घेऊन गावी येतो. तुला शिर्डीला घेऊन जातो.

पत्र आलं त्र्याण्णवच्या दिवाळीला. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बन्सी कारखान्याच्या पार्किंगमध्ये, गाडीचं दार उघडता उघडता कोसळला. त्याला बायकोमुलं नव्हती. वारस म्हणून गाडी आईच्या नावावर झाली आणि दीड वर्ष कुठल्याकुठल्या गोदामांत पडून शेवटी ट्रकवर चढून पुणतांब्याला आली.

सोपाननं दार उघडलं. समोरच्या फळीवर पितळी पट्टी होती. इंग्रजीत कोरलं होतं, फायनल एडिशन, सातशे चौदा. स्टेअरिंग डावीकडं.

बारा दिवस तो दर सकाळी नगरहून पॅसेंजरनं यायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचा. टाकीतलं आंबलेलं पेट्रोल काढलं, नळ्या धुतल्या, प्लग घासले. टाकीचं तोंड इतकं अरुंद की इथल्या पंपाची नळी त्यात शिरेना. कानिफनाथनं पत्र्याचं नरसाळं बनवून आणलं. रबर तडकलेले टायर आदिनाथनं मुंबईहून कुणाला तरी सांगून बदलून घेतले. सहाव्या दिवशी सोपान गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"काय झालं, दादा?" कानिफनाथनं वाकून विचारलं.

"आईंना बोलाव. आरसा असला तर आरसाही आण."

गाडीच्या पोटाला, गिअरबॉक्सजवळच्या आडव्या पट्टीवर, पांढऱ्या रंगानं पंधरावीस सह्या होत्या. ज्यांनी ती जोडली त्यांनी आपापली नावं लिहिली होती. सगळी इंग्रजी अक्षरं, आणि त्यांत एक ओळ मराठी: बन्सी, पुणतांबे.

गोजरबाई पंच्याहत्तरीची. ती आरशाला बधली नाही. तिनं पोतं अंथरायला लावलं, त्यावर आडवी झाली आणि मान वाकडी करून वर पाहत राहिली. अक्षर तिला कळत नव्हतं, पण कुठलं आहे ते सोपाननं बोटानं दाखवलं. तिनं हात लांब करून तिथं नुसतं बोट लावलं. बोटाला ग्रीस लागलं, ते तिनं दिवसभर पुसलं नाही.

इंजिन चालू झालं त्या दुपारी दोन म्हशींनी दावी तोडली. पत्र्याची शेड थरथरली, शेजारच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. सोपान डोळे मिटून ऐकत होता. आठही सिलिंडर नीट होते. असं इंजिन त्यानं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता की कसला, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. आदिनाथ मात्र हसत होता, रडतही होता. थोरल्यानं परदेशात जाऊन नाव काढलं. गाव पंचवीस वर्षं त्याचंच कौतुक करत राहिलं. घर, पाणी, बाग, म्हातारी आई सांभाळणाऱ्या धाकट्याकडं कुणी वळून पाहिलं नव्हतं. आता सगळं गाव त्याच्या बांधावर उभं होतं.

दुसऱ्या दिवशी गाडी नगर-मनमाड रस्त्यावर निघाली. डावीकडं आदिनाथ, उजवीकडं सोपान, मागं पाय दुमडून कानिफनाथ. उसाचा हंगाम भरात होता. रस्ताभर ट्रॅक्टर आणि त्यांच्यामागं दोन दोन ट्रॉल्या, रस्त्याच्या निम्म्यावर झुकलेल्या.

पहिल्याच ट्रॉलीमागं सोपाननं हात आडवा केला. "थांबा. तुम्ही डावीकडं बसलाय. ट्रॉलीपलीकडचं तुम्हाला काही दिसत नाही. मला दिसतं. मी म्हणेपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही."

"बरं."

"थांबा… थांबा… एसटी येतेय… आता जाऊ द्या."

आदिनाथनं पाय दाबला. गाडीनं अशी झेप घेतली की सोपानची मान मागं आदळली. ट्रॉली, ट्रॅक्टर, पुढचा टेम्पो, सगळं एका दमात मागं पडलं. सोपानचे दोन्ही पाय आपोआप खाली रुतले. त्याच्या बाजूला नसलेला ब्रेक तो शोधत होता.

"साठच तर हाय!" आदिनाथ काट्याकडं बोट करून ओरडला.

"ते मैल आहेत, आदिनाथराव. साठ म्हणजे आपले शंभरच्या जवळ."

आदिनाथला ते ऐकून भीती वाटली नाही. त्यानं ती संख्या मनाशी घोळवली आणि पाय आणखी दाबला.

ही गाडी या रस्त्यावर चालवायची नाही, असं त्या संध्याकाळी सोपाननं म्हणायला हवं होतं. डाव्या हाताची गाडी, हा रस्ता, हे इंजिन आणि हा माणूस, यांचा मेळ बसणार नाही हे त्याला पहिल्या दहा किलोमीटरातच कळलं होतं. छावणीत असता तर कार्ड कोरं ठेवून उठला असता. पण इथं कार्ड नव्हतं, आणि नाही म्हटलं की ते इंजिन पुन्हा ऐकायला मिळणार नव्हतं. हे त्यानं पुढं भामाबाईपाशी कबूल केलं, दुसऱ्या कुणापाशी नाही.

त्यानं दुसरा मार्ग काढला. पुढच्या बुधवारी, आदिनाथ बाजार समितीत गेलेला असताना, त्यानं ॲक्सिलरेटरखालचा गालिचा उचलला, पत्र्याला भोक पाडलं आणि एक जाड बोल्ट उभा बसवला. पाय कितीही दाबला तरी पेडल त्या बोल्टावर टेकायचं. गाडी ताशी सत्तर किलोमीटरच्या वर जाईना. गालिचा सारखा करून तो उठला, तर शेडच्या तोंडाशी गोजरबाई उभी.

"काय केलंस, बाबा?"

सोपानला तिच्याशी खोटं बोलवेना. त्यानं सगळं सांगितलं. "कागद तुमच्या नावावर आहेत, आई. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता काढतो."

म्हातारी गाडीकडं बघत राहिली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "एक लेक गेला. हा एवढाच हाय."

आदिनाथला दोन दिवसांत फरक जाणवला. "मिस्त्री, गाडीचा दम कमी झाला."

"इथलं पेट्रोल तिला मानवत नाही," सोपान म्हणाला. अडतीस वर्षांत त्यानं खोटी सही केली नव्हती. हे वाक्य बोलून तो लगेच बॉनेटखाली वाकला.

फेब्रुवारीभर असंच चाललं. दर बुधवारी सोपान यायचा, तेलपाणी बघायचा आणि उजव्या सीटवर बसायचा. गाडी कोल्हारपर्यंत, कधी कोपरगावपर्यंत जायची. कानिफनाथ मागून ऐकत असायचा. "थांबा… थांबा… जाऊ द्या," तो सोपानच्या बरोबरीनं पुटपुटायचा आणि हसायचा. चाळिशीचा, भोळा, अंगानं किरकोळ माणूस. त्याच्या घरी बायको चांगुणा आणि दोन मुली होत्या. धन्यानं बस म्हटलं की बसायचं आणि ऊठ म्हटलं की उठायचं, एवढं त्याला येत होतं.

मार्चच्या सुरुवातीला सोपान शेडपाशी पोचला तर दहाबारा माणसं जमलेली. मुंबईहून कुणी मेकॅनिक आणला होता. त्याच्या हातात तो बोल्ट होता.

"हे काय हाय, साळवे?" आदिनाथनं विचारलं. मिस्त्री म्हणायचं त्यानं सोडलं होतं.

"मी बसवला. या रस्त्याला ही गाडी एवढीच चालवण्याजोगी आहे."

"आणि पेट्रोलचं?"

"ते खोटं बोललो."

"मीच ऱ्हाऊ दे म्हनले त्याला," गोजरबाई ओट्यावरून म्हणाली. तिच्या बोलण्यानं आग विझायच्या ऐवजी भडकली. चारचौघांत आई आपल्या बाजूनं नाही, भिंगारच्या एका फिटरच्या बाजूनं आहे, हे आदिनाथच्या जिव्हारी लागलं. तो जे बोलला त्यातलं निम्मं गाडीबद्दल होतं. निम्मं सोपानच्या जातीबद्दल होतं: तुमच्या लोकांना घरात घेतलं, पंक्तीला बसवलं, भावाच्या गाडीला हात लावू दिला, हीच चूक झाली. जमलेल्या माणसांतला एकही जण मधे पडला नाही.

सोपाननं पेटी उचलली. "मी जातो. एकच विचारतो. उजव्या बाजूला कोण बसणार?"

"कानिफ बसंल. त्याला डोळे न्हाईत काय?"

कानिफनाथनंच त्याला एम-एटी मोपेडवरून स्टेशनला सोडलं. प्लॅटफॉर्मवर कानिफनाथ थोडा घुटमळला. "दादा, त्यो अंदाज कसा घ्यायचा? समोरचं वाहन किती लांब हाय म्हंजी जाऊ द्या म्हनायचं?"

सोपानच्या डोक्यात अजून मघाचे शब्द घुमत होते. "बघून बघून येतो," तो तुटकपणे म्हणाला.

गाडी सुटल्यावर त्याला कळलं की आपलं काय सांगायचं राहिलं. कानिफनाथनं जे महिनाभर पाहिलं होतं ते सत्तरच्या वेगाचं होतं. बोल्ट निघाल्यावर तो अंदाज फसवा ठरणार होता. 'बसू नकोस' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यानं ठरवलं, पुढच्या बुधवारी जाऊन सांगू. बुधवार आला. पायरीवर बसून त्यानं पायांत चपला घातल्या, आणि परत काढल्या. आदिनाथची पायरी पुन्हा चढायची त्याची हिंमत झाली नाही. चपला काढूनही तो आत न जाता ओट्यावरच बसून राहिला, आणि भामाबाईनं पाहिलं की रस्त्यावरच्या कुठल्याच आवाजाकडं त्याचं लक्ष नाही.

"अवो, जेवायला चला."

"कानिफला मुली किती गं? दोनच ना?"

"तुमीच सांगितलं व्हतं दोन. का?"

तो उठला आणि चपला भिंतीशी सारल्या. पुढच्या बुधवारीही तसंच झालं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी ते घडलं, भर दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात, बाभळेश्वरच्या अलीकडं. काळी गाडी उसाच्या दोन ट्रॉल्यांमागून बाहेर निघाली. समोरून कांद्याचा ट्रक येत होता. आदिनाथनं शेवटच्या क्षणी गाडी डावीकडं घेतली, त्यामुळं ट्रकनं उजवी बाजू तेवढी सोलून नेली. आदिनाथचा एक पाय आणि तीन बरगड्या मोडल्या. कानिफनाथ जागच्या जागी गेला. शनिवारच्या पेपरात फोटो होता. भामाबाईनं तो आधी पाहिला आणि पेपर घडी करून पाण्याच्या माठाखाली ठेवला. पण सोपाननं तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि स्वतःच जाऊन माठ उचलला.

चौथ्या दिवशी आदिनाथचा निरोप आला. दवाखान्यात त्याचा पाय वर टांगलेला होता. दाढी वाढलेली, ओठ सुकलेले. त्यानं खोलीतल्या माणसांना बाहेर घालवलं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "झालं ते झालं. मी त्या दिवशी लई बोललो, माफ करा. पोलीस तुमच्याकडं येतील. मी जबाबात सांगितलंय, कानिफ जाऊ द्या म्हनला म्हनून मी गाडी काढली. तुमी एवढंच सांगा की डाव्या हाताच्या गाडीत इशारा देनं हे त्याचंच काम व्हतं, तुमीच त्याला शिकवलं व्हतं. खोटं न्हाईच त्यात काही. तुमच्या बोल्टाचं मी तोंडातून काढनार न्हाई."

"आणि मी तसं नाही म्हटलं तर?"

"मंग बोल्टाचंबी निघंल. दुसऱ्याच्या गाडीत गुपचूप भोक पाडलं, हे लोकांना कसं वाटंल ते तुमीच बघा." आदिनाथनं डोळे मिटले. "त्यो गेला. त्याला आता दोष लागला काय आणि न लागला काय."

सोपान खुर्चीवरून उठला. त्याला सगळ्यांत जास्त छळत होतं ते हे, की आदिनाथच्या बोलण्यात खरंच काही खोटं नव्हतं. इशारा द्यायची रीत सोपाननंच पाडली होती. ती सीट त्याची होती. कानिफनाथ तिच्यावर बसला कारण ती मोकळी झाली होती.

"आदिनाथराव, तो 'जाऊ द्या' म्हणाला तेव्हा काटा कितीवर होता?"

आदिनाथनं मान खिडकीकडं वळवली.

घरी येऊन त्यानं भामाबाईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बढती तर आता थांबायची न्हाई. भ्यायचं कशाला?"

पोलीस स्टेशनात तो स्वतःच गेला. बोलावण्याची वाट पाहिली नाही. हवालदार लिहून घेत होता, सोपान सांगत होता, एकेक वाक्य थांबून. डाव्या हाताची गाडी. मैलांचा काटा. मी बोल्ट बसवला, मालकिणीनं राहू दे म्हटलं म्हणून तो ठेवला, पण चालवणाऱ्याला फसवून. तो काढल्यावर गाडीचा वेग दुपटीनं वाढला. त्या वेगात उजव्या सीटवर बसलेल्या कुणालाही, अगदी मलासुद्धा, समोरच्या वाहनाचा अंदाज बांधता आला नसता. इशारा कुणीही दिला तरी पाय चालवणाऱ्याचा असतो. कानिफनाथला हे मी समजावून सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

"हे शेवटचं कशाला लिहायचं?" हवालदार म्हणाला. "त्याचा केसशी संबंध नाही."

"लिहा."

हवालदारानं लिहिलं. सोपाननं सगळा कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि सही केली.

त्यानंतरचे दिवस बरे गेले नाहीत. बोल्टाची गोष्ट तालुकाभर फिरली, आणि फिरता फिरता तिचं रूप बदललं. साळवेनं गाडी मुद्दाम बिघडवली, रागानं काहीतरी करून ठेवलं होतं, असंही लोक बोलले. भिंगारात जी दोनचार माणसं स्कूटर दाखवायला यायची ती येईनाशी झाली. कोर्टात आदिनाथच्या वकिलानं त्याला दीड तास उभं करून खोटारडा ठरवायचा प्रयत्न केला. "एकदा खोटं बोललात हे तुम्हीच कबूल केलंय, मग आता खरं बोलताय हे कशावरून?" सोपान म्हणाला, "तेव्हा खोटं बोललो म्हणूनच आता इथं उभा आहे." गोजरबाईचा जबाब घरी जाऊन घेतला. मी ऱ्हाऊ दे म्हनले व्हते, एवढंच ती बोलली आणि अंगठा दिला. निकाल लागायच्या आधीच ती गेली.

निकाल लागला अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात. दोष चालवणाऱ्याचा, असं कोर्टानं लिहिलं. आठवड्यानं चांगुणा एसटीनं भिंगारला आली. यापूर्वी तिनं सोपानला कोर्टाच्या आवारात लांबून पाहिलं होतं, तेवढंच. भामाबाईनं तिला आत घेतलं, पाट दिला. चांगुणा पाटावर न बसता जमिनीवरच बसली.

"कोर्टात काय लिवलं ते वकिलानं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "गावात आता आमच्या मान्साच्या नावानं कोन बोलत न्हाई. थोरली साळंत जाती, तिला पोरी म्हनायच्या, तुझ्या बापानंच चुकीचं सांगितलं. त्ये थांबलं. तेवढं सांगाया आले."

दोन वर्षं एक प्रश्न त्याच्या मनात होता. तो विचारायची त्याला भीती वाटत होती, आणि न विचारता ती बाई दारातून परत गेली असती तर तेही त्याला सहन झालं नसतं.

"मी गेल्यावर तीन आठवडे तो त्या सीटवर बसला," तो म्हणाला. "घरी आल्यावर कधी काही म्हणायचा? घाबरायचा का?"

चांगुणानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"शेवटी शेवटी जेवायचेच न्हाईत. इचारलं तर म्हनायचे, मी थांबा म्हनतो, तरी गाडी निघतीच. जाऊ द्या म्हनायला तोंड उघडतो, तवर ट्रॉली मागं पडल्याली असती. मला बसवलंय कशाला, ह्येच कळत न्हाई."

भामाबाईनं चहाचं पातेलं खाली उतरवलं.

"हे कोर्टात का नाही सांगितलंस, बाई?" सोपाननं विचारलं.

"कोनी इचारलंच न्हाई," चांगुणा म्हणाली. "मला येवढंच इचारलं, त्यो तुझाच नवरा व्हता का म्हनून."